एल्डन रिंगमध्ये बॉस मारत नाही, आपलंच बोट मारतं

एल्डन रिंग 25 फेब्रुवारी 2022 ला आली आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी नवा माणूस सेलमध्ये गेम उचलतो, दोन दिवस जाम खूश असतो, घोड्यावर फिरतो, सूर्यास्ताचे स्क्रीनशॉट टाकतो आणि मग मेसेज येतो की अरे हा काठीवाला म्हातारा मरतच नाहीये, माझे रिफ्लेक्स गेले बहुतेक. रिफ्लेक्स कुठे जात नाहीत हो. सात ते सात ऑफिस करून बोरिवली फास्टला लटकत घरी येऊन रात्री अकराला कंट्रोलर हातात घेणारी, चाळिशीच्या पुढची माणसं हा गेम पूर्ण करतायत, त्यामुळे वयाचं कारण पण चालणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गेममधली बहुतेक मरणं तीन बटणांमुळे येतात, घाबरून दाबलेला रोल (लोळून फटका चुकवणं), घाबरून दाबलेलं हील (हेल्थ भरणं) आणि हाव सुटून मारलेला तो एक जास्तीचा फटका. बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, आपलं काम करत असतो, त्याचं सगळं ठरलेलं असतं. पुढे जे सांगतोय ते सगळं या तीन बटणांना लगाम घालायला आहे. काही बॉसचे डावपेच सांगितलेत, त्यामुळे स्पॉयलर नको असतील तर 'काही बॉस ज्यांची गोम वेगळी आहे' हा भाग सोडा.

सुरुवातीला हार्डवेअरचं बघून टाकू, कारण यात लोक फुकटचे मरतात. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. टीव्ही चित्र चकचकीत करायला जी प्रोसेसिंग करतो त्यात उशीर होतो आणि तुम्ही वेळेवर दाबलेला रोल उशिरा लागतो, मग तुम्हाला वाटतं हात स्लो आहे. पीसीवर गेम 60 एफपीएसला (सेकंदाला 60 चित्रं) लॉक आहे, त्याच्या वर जातच नाही, पण खाली जात असेल तर ग्राफिक्स कमी करा. गवत थोडं कमी हललं तर काही बिघडत नाही, फटका कधी येतोय ते नीट दिसलं पाहिजे. आणि हेडफोन लावा. रात्री घरचे झोपलेत म्हणून आवाज बंद करून खेळणारे खूप आहेत, पण या गेममध्ये निम्मे हल्ले आधी ऐकू येतात, पाय आपटल्याचा, शस्त्र ओढल्याचा, जादू चार्ज होतानाचा आवाज येतो. कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकत असेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन दुरुस्त करून घ्या, ड्रिफ्ट होणाऱ्या स्टिकने रोलची दिशा चुकते. पावसाळ्यात हाताला घाम येतो त्याला मात्र इलाज नाही, मांडीवर पंचा ठेवा.

धुक्याच्या दाराआधीची तयारी

निम्मी लढाई बॉसच्या जागेच्या धुक्याच्या दाराबाहेर होते आणि इथेच लोक आळस करतात.

सगळ्यात आधी व्हिगर, म्हणजे हेल्थ वाढवणारा स्टॅट. नवा खेळाडू काय करतो, सगळे पॉइंट स्ट्रेंथ नाहीतर इंटेलिजन्समध्ये घालतो कारण डॅमेजचा आकडा वाढलेला दिसतो आणि मग एका फटक्यात आडवा होतो. आकडे बघा: व्हिगर 25 ला हेल्थ 800 असते, 40 ला 1450 होते आणि 60 ला 1900. म्हणजे 25 ते 40 या पंधरा लेव्हलमध्ये 650 हेल्थ मिळते, आणि 60 च्या पुढे थेट 99 पर्यंत गेलात तरी जेमतेम 200 वाढते. त्यामुळे हिशोब सरळ आहे, आधी 25, मग गेमच्या मध्यापर्यंत 40, आणि शेवटच्या एरियांमध्ये शिरताना 60 च्या जवळ. हेल्थ जास्त म्हणजे काय, तर एक चूक केल्यावर पण तुम्ही उभे असता आणि त्या चुकीतून शिकता येतं. एका फटक्यात मेलात तर नेमकं काय लागलं हेच कळत नाही, मग शिकणार काय.

दुसरं, शस्त्र. डॅमेज लेव्हलपेक्षा शस्त्राच्या अपग्रेडने जास्त वाढतं, विशेषतः सुरुवातीला. चर्च ऑफ एलेमध्ये जी ऐरण आहे तिथे साधं शस्त्र +3 पर्यंत नेता येतं आणि त्याला पहिल्या नंबरचे स्मिदिंग स्टोन लागतात, दोन, चार आणि सहा, म्हणजे एकूण बारा. हे स्टोन लिमग्रेव्ह टनेल्स नावाच्या खाणीत भिंतीत चकाकताना दिसतात, अघील तलावाच्या उत्तरेला आहे ती. पुढचं काम राउंडटेबल होल्डमधला लोहार ह्यूग करतो. साधी शस्त्रं +25 पर्यंत जातात आणि सोम्बर स्टोनवाली स्पेशल शस्त्रं +10 पर्यंत, म्हणजे स्पेशल शस्त्र +4 म्हणजे साध्याचं साधारण +10 समजा. कोणतं शस्त्र बेस्ट हा वाद घालत बसू नका, जे हातात बसतं ते एकच घ्या आणि सगळे स्टोन त्याच्यावर खर्च करा, पाच तलवारी +2 करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

तिसरं फ्लास्क, म्हणजे लढताना प्यायच्या बाटल्या. सोनेरी चमकणारं छोटं रोप दिसलं की थांबा, त्याच्या पायाशी गोल्डन सीड असतं, त्याने फ्लास्कची संख्या वाढते आणि ती 14 पर्यंत जाते. चर्चमध्ये सेक्रेड टिअर मिळतात, त्याने एका घोटात किती हेल्थ भरते ते वाढतं. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे ना, तिथे तीन चर्चमध्ये तीन सेक्रेड टिअर नुसते पडलेत, एकही बॉस न मारता मिळतात. थर्ड चर्च ऑफ मारिकामध्ये फ्लास्क ऑफ वंड्रस फिझिक मिळतो, एका ग्रेसवर (विश्रांतीची सोनेरी जागा, मेलात की तिथून परत सुरू) एकदाच पिता येतो पण पिऊन आत गेलात तर सुरुवातीचा जोर चांगला असतो, लोक हा घेऊन ठेवतात आणि विसरतात. आणि तुम्ही जादू वापरत नसाल तर ग्रेसवर बसून निळे (जादूचे) फ्लास्क कमी करून लाल (हेल्थचे) वाढवा, हे सेटिंग समोर असून कित्येकांना दिसत नाही.

चौथं वजन. स्टेटस स्क्रीनवर इक्विप लोड बघा, एकूण क्षमतेच्या 70 टक्क्यांच्या खाली असलात तर मीडियम रोल मिळतो, वर गेलात की तो धोंडा पडल्यासारखा जड रोल, ज्यातून उठेपर्यंत पुढचा फटका आलेला असतो. चिलखत छान दिसतंय म्हणून 71 टक्क्यांवर फिरू नका, हातमोजे काढून टाका, खाली येतं लगेच. 30 टक्क्यांच्या खाली हलका रोल मिळतो पण त्यासाठी उघडं फिरावं लागतं, मला तरी तो सौदा पटत नाही.

पाचवं स्पिरिट अ‍ॅश, म्हणजे घंटा वाजवून मदतीला बोलवायचे आत्मे. घोडा मिळाल्यावर चर्च ऑफ एलेला परत गेलात की रेना भेटते आणि घंटा देते, सोबत तीन लांडग्यांची अ‍ॅश. चुकली असेल तर राउंडटेबल होल्डला विकत मिळते. बॉसच्या जागेत अ‍ॅश चालते की नाही ते स्क्रीनच्या डाव्या बाजूला छोटं चिन्ह येतं त्यावरून कळतं. आता, अ‍ॅश वापरणं म्हणजे चीटिंग असं नाक मुरडणारे भेटतील तुम्हाला, त्यांना नमस्कार करा आणि घंटा वाजवा. गेम बनवणाऱ्यांनी घंटा तिथे ठेवलीय ती वाजवण्यासाठीच आणि बरेच बॉस दोघं-तिघं समोर आहेत असं धरूनच बनवलेत. फक्त एक, लांडगे सोडल्यावर लगेच धावत जाऊ नका, बॉस त्यांच्याकडे वळू दे, मग पाठीमागून जा.

आणि हो, आत जायच्या आधी रुन्स, म्हणजे या गेमचे पैसे, त्यानेच लेव्हल पण वाढते, खर्च करा. मेलात की रुन्स तिथेच पडतात आणि ते उचलायच्या आधी परत मेलात की गेले कायमचे. खिशात तीस हजार रुन्स घेऊन बॉसपुढे उभं राहिलं की माणूस लढत नाही, रुन्स वाचवत असतो आणि तिथेच घाबरून बटणं दाबतो.

पहिले काही डाव मारायचंच नाही

ही स्टेप कोणी पाळत नाही, पाळली तर निम्मा वेळ वाचतो. बॉसच्या खोलीत जा, लॉक करा (कॅमेरा बॉसवर खिळवा) आणि फटका मारूच नका. एकही नाही. नुसतं चुकवत राहा आणि बघा, कॉम्बो किती फटक्यांचा आहे, कुठल्या फटक्यानंतर तो थांबून श्वास घेतो, लांब गेलं की काय करतो, फ्लास्क प्यायलो की काय करतो. मरालच, मरू द्या, फुकट आहे मरण इथे. मारायचं डोक्यातून गेलं की डोळे मोकळे होतात. जवळपास प्रत्येक बॉसजवळ ग्रेस किंवा मारिकाची खुंटी (मेल्यावर परत उभं राहायची जागा) असते, म्हणजे परत यायला फार वेळ लागत नाही.

बघताना शस्त्राकडे बघू नका, खांद्याकडे आणि पायाकडे बघा. शस्त्र शेवटी हलतं, खांदा आधी. मोठे राक्षस असतील तर पाय आधी.

मग या गेमची खरी बदमाशी येते, उशिरा येणारे फटके. याच कंपनीच्या आधीच्या सोल्स गेममध्ये बॉसने हात उचलला की साधारण लगेच खाली यायचा, इथे तो हात वर धरून ठेवतो, थांबतो, अजून थांबतो, तुम्ही घाबरून रोल करता, रोल संपतो आणि मग काठी खाली येते. म्हणून नियम हा की हात वर जाताना काही करायचं नाही, हात खाली यायला लागला की रोल. वाचायला सोपं वाटतं, पण अंगठा ऐकत नाही, त्याला वळण लावायला लागतं.

रोल नक्की चालतो कसा

रोलच्या सुरुवातीच्या थोड्या क्षणात तुम्हाला काहीच लागत नाही, तलवार अंगातून आरपार जाते. संरक्षण त्या क्षणाचं असतं, बॉसपासून लांब जाण्याचं नसतं. त्यामुळे मागे लोळण्यापेक्षा फटक्यात घुसून, बॉसच्या बगलेतून पलीकडे जाणं बहुतेक वेळा जास्त सेफ असतं. मागे लोळलं की लांब पल्ल्याचा फटका रोल संपताना बरोबर गाठतो, आणि बॉसच्या मागे पोचलात तर वरून मारायची संधी मिळते.

दोन बारकावे आहेत ज्यांनी माझा तरी खेळ बदलला. एक, रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो. कारण तेच बटण धरून ठेवलं तर धावणं असतं, त्यामुळे तुम्ही बोट उचललं की गेमला कळतं की यांना रोल हवाय. म्हणजे टेन्शनमध्ये बटण जोरात दाबून धरणारा माणूस कायम उशिरा लोळतो. हलकं टपकन दाबून सोडा. दुसरं, गेम पुढचं बटण लक्षात ठेवतो. एक रोल चालू असताना घाबरून तीनदा दाबलंत की पहिला संपल्या संपल्या अजून एक रोल आपोआप होतो, नको असताना, आणि तो संपताना बॉस मारतो. एक धोका, एक दाब. आणि स्टॅमिनाची हिरवी पट्टी शून्यावर कधी नेऊ नका, एका रोलपुरती कायम शिल्लक ठेवा, फटके मारताना पण.

उडी पण आहे बरं का. जमिनीवरून येणाऱ्या लाटा आणि पाय आपटण्याचे धक्के उडी मारून चुकतात, रोलपेक्षा सोपं पडतं. ढाल वापरणाऱ्यांना गार्ड काउंटर आहे, फटका ढालीवर घेऊन लगेच हेवी, म्हणजे जड फटका, दाबायचं, जोरदार बसतो. ढालीला उगीच नावं ठेवतात लोक, ब्रास शिल्डसारखी फिजिकल डॅमेज पूर्ण अडवणारी ढाल सुरुवातीला खूप सांभाळून घेते.

मार्गिट, जवळून

तो काठीवाला म्हातारा म्हणजे मार्गिट द फेल ओमेन, स्टॉर्मव्हील किल्ल्याच्या पुलावर. हा गेमचा पहिला खरा मास्तर आहे, इथे शिकलात ते शेवटपर्यंत पुरतं, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

आधी हे की तुम्ही इथे खूप लवकर आलेले असता. ग्रेसची सोनेरी रेघ सरळ याच्याकडे दाखवते म्हणून माणूस लेव्हल 10 ला येऊन उभा राहतो. परत फिरा. वीपिंग पेनिन्सुला करून या, साधारण लेव्हल 25, शस्त्र +3, लांडगे नाहीतर रोडेरिकाने दिलेली जेलीफिशची अ‍ॅश घेऊन या. दाराजवळ जमिनीवर रॉजियरची सोनेरी खूण असते, त्याला बोलवा, तो मार खात असताना तुम्हाला श्वास मिळतो. अजून एक, मर्कवॉटर केव्हमध्ये पॅचेस नावाचा भामटा आहे, त्याला हरवताना तो लोटांगण घालून माफी मागतो तेव्हा थांबायचं, मारून टाकायचं नाही, मग तो दुकान मांडतो आणि 5000 रुन्सला मार्गिट्स शॅकल देतो. ती पहिल्या फेजमध्ये वापरली की मार्गिट जमिनीला जखडून पडतो, दोनदा चालते. तेवढ्यात चांगले दणके घालून घ्या.

आता प्रत्यक्ष लढाई. तो काठी डोक्यावर घेऊन अख्खं अंग मागे ताणतो, तोच तो उशिराचा फटका. तुम्ही तिथेच उभे राहा, बोट बटणावर ठेवा पण दाबू नका, त्याची कोपरं खाली वळली की त्याच्या कुशीत रोल. काठी जमिनीवर आपटली की दोन हलके फटके नाहीतर एक जड मारायला मिळतो. इथे हाव करू नका, कारण त्याच्या दुसऱ्या हातात एकदम सोनेरी खंजीर येतो आणि झटकन फिरतो, तो खास चिकटून बसणाऱ्यांसाठीच आहे. तुम्ही लांब जाऊन फ्लास्क तोंडाला लावलात की तेच खंजीर तो फेकतो. हे योगायोगाने होत नाही, बरेच बॉस तुमचं प्यायचं बटण बघून हल्ला करतात. म्हणून लांब पळून पिऊ नका, त्याचा मोठा कॉम्बो संपला की तिथल्या तिथे प्या, तेव्हा तो दुसऱ्या कामात अडकलेला असतो.

निम्म्याच्या आसपास हेल्थ गेली की तो उजेडाचा हातोडा काढतो आणि उंच उडी मारून आपटतो. तो हवेत असताना रोल नको, पळा किंवा तो खाली येताना पुढे लोळा. पूल अरुंद आहे, कडेला गेलात तर खाली दरी, त्यामुळे मधोमध राहायचं आणि कॅमेरा भिंतीत घुसला की आधी मोकळ्या जागेत या, मग पुढचं.

कधी मारायचं आणि किती

मुंबईकराला हे समजावायला सोपं आहे. दादरला गाडी लागली की आधी उतरणाऱ्यांचा लोंढा बाहेर येऊ देतो ना आपण, मध्येच घुसलं तर चेपून निघतो, आणि जास्त वेळ थांबलं तर गाडी सुटते. बॉसचा कॉम्बो तो लोंढा आहे. शेवटचा माणूस उतरला की एक पाऊल आत, बस.

मोजून ठेवायचं, या कॉम्बोनंतर मला एक फटका मिळतो, त्या मोठ्यानंतर तीन. मिळतात तितकेच मारायचे. बॉसची हेल्थ शेवटच्या टप्प्यात आली की सगळे हा हिशोब विसरतात, आता झालाच म्हणून धडाधड मारत सुटतात, स्टॅमिना संपतो आणि एक फटका शिल्लक असताना मरतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घाटात बोर्ड आहे, अति घाई संकटात नेई, तो टीव्हीच्या खाली चिकटवा.

जड शस्त्र असेल तर उडी मारून हेवी किंवा चार्ज केलेला हेवी मारा, याने बॉसचा तोल ढासळत जातो आणि शेवटी तो गुडघ्यावर येतो, मग अंगावर पिवळी चमक दिसते तिथे जाऊन क्रिटिकल मारायचा. हलकं शस्त्र असेल तर ब्लीड (रक्तस्राव) किंवा फ्रॉस्ट (गारठा) चढवणारं बघा. ब्लीड भरला की बॉसच्या एकूण हेल्थचा तुकडाच उडतो, म्हणून भरपूर हेल्थवाल्या बॉसवर जास्त कामाचा. फ्रॉस्टने हेल्थ तर जातेच, वर काही वेळ बॉसला सगळंच डॅमेज 20 टक्के जास्त लागतं, आणि आग लावली की फ्रॉस्ट निघून जातो म्हणजे परत चढवता येतो. रक्त नसलेल्यांवर, दगडी वगैरे, ब्लीड चालत नाही, तिथे हातोडा काढा.

काही बॉस ज्यांची गोम वेगळी आहे

रडान मोठ्या वाळवंटात असतो आणि सुरुवातीला लांबून जांभळे बाण मारतो. घोडा चालतो इथे, सरळ धावू नका, नागमोडी या. जमिनीवर सोनेरी खुणा दिसतील त्या सगळ्या दाबत चला, ब्लेड, अलेक्झांडर असे बरेच जण येतात, मेले की थोड्या वेळाने खुणा परत उगवतात, परत बोलवा. पॅचेस पण येतो आणि पाहून पळून जातो, खरंच. तुमचं काम लढणं नाही, खुणा शोधत फिरणं आहे. स्कार्लेट रॉट (अंग सडवणारा रोग) त्याला लागतो, तो चढवला की हेल्थ आपोआप झिजते. मध्येच तो आकाशात गायब होतो आणि उल्केसारखा कोसळतो, तेव्हा घोड्यावरून कुठल्याही एका दिशेला सुसाट.

फायर जायंटच्या डाव्या पायाला फळ्या बांधलेल्या दिसतात, पहिल्या फेजमध्ये तिथेच मारा, तिथे जास्त लागतं. लॉक काढून टाका, नाहीतर कॅमेरा आकाशात आणि तुम्ही पायाखाली. हे सगळ्या अवाढव्य बॉसना लागू आहे.

रायकार्डकडे आपली तलवार घेऊन झुंजत बसू नका, आत गेल्या गेल्या तिथेच एक भाला पडलेला असतो, तो उचला, हातात घ्या, लढाई त्या भाल्यासाठीच बनवलीय. मोगसाठी सेकंड चर्च ऑफ मारिकापाशी हल्ला करायला येणाऱ्या एलियोनोराला हरवून प्युरिफाइंग क्रिस्टल टिअर मिळवा आणि फिझिकमध्ये घाला, तो आकडे मोजत जी रक्ताची जादू करतो ती त्याने सुसह्य होते. तिची दोन टोकांची तलवार पण मिळते, बोनस.

मलेनिया. इथे भलेभले रडलेत. तिचा प्रत्येक फटका लागला की तिची हेल्थ वाढते, ढालीवर घेतला तरी वाढते, तुमच्या अ‍ॅशला लागला तरी वाढते. म्हणून ढालवाल्यांना आणि आठ-दहा जणांची फौज सोडणाऱ्यांना इथे आयुष्यभर लढावं लागतं. चांगली गोष्ट ही की तिचा तोल नाजूक आहे, जड शस्त्राचा फटका बसला की ती थबकते, म्हणजे पुढाकार घेता येतो. खरं संकट वॉटरफाउल डान्स, ती हवेत उडी मारून एक क्षण तरंगते, तलवार मागे, आणि मग वादळ. तरंगताना दिसली की लॉक सोडून उलट दिशेला धावत सुटा, पहिली झोड त्यातच चुकते. दुसऱ्या झोडीला ती तुमच्याकडे झेपावते तेव्हा मागे नाही, तिच्या खालून पुढे रोल. तिसऱ्याला परत तसंच. अगदी चिकटून असताना सुरू झाली तर पळायला वेळ मिळत नाही, त्यामुळे तिची थोडी हेल्थ गेली की उगीच अंगाला खेटून उभं राहायचं नाही, मारा आणि एक पाऊल बाजूला. ब्लडहाउंड्स स्टेप (झटकन सरकून चुकवायचं कौशल्य) शस्त्रावर लावून ठेवली तर खूप सोपं जातं. दुसरी फेज ती फूल बनून आकाशातून पडण्याने सुरू होते, तेव्हा फक्त पळायचं, बघत उभं राहायचं नाही, कितीही सुंदर दिसलं तरी.

आणि रॅडागॉन-एल्डन बीस्ट, म्हणजे शेवट. दोघांवर होली डॅमेज फार चालत नाही, होली तलवार घेऊन आला असाल तर दुसरी काढा, आणि त्यांचा मार होलीचा असतो म्हणून हॅलिगड्रेक टॅलिस्मन घाला. एल्डन बीस्ट सारखा लांब पळायचा आणि आपण त्याच्यामागे पायी, लोकांनी खूप शिव्या घातल्या, मग जून 2024 च्या 1.12 पॅचमध्ये तिथे घोडा बोलवायची सोय केली. जुने व्हिडिओ बघून पायी धावणारे अजून भेटतात, ते करू नका.

अडकलात तर

बॉस सोडून जा. हे हरणं नाही, गेम तसाच बनवलाय. मार्गिटला पूर्ण टाळून किल्ल्याच्या बाजूच्या वाटेने लिऊर्नियाला जाता येतं. तिथे रेनालाला हरवलं की लार्व्हल टिअर देऊन सगळे स्टॅट नव्याने वाटता येतात, बिल्ड फसलं असेल तर सुरुवातीपासून खेळायची गरज नाही, व्हिगर भरून घ्या तिथे. रडान मेला की नोक्रॉनची वाट उघडते आणि तिथे मिमिक टिअर मिळते, हुबेहूब तुमच्यासारखी अ‍ॅश, तुमचंच शस्त्र आणि चिलखत घेऊन लढते. बोलवायला 660 हेल्थ लागते, म्हणून बोलवून लगेच एक घोट घ्या आणि मग पुढे व्हा.

रात्री दोन वाजता, अजून एकदा अजून एकदा करत बसू नका. थकलेला हात फक्त घाबरून दाबतो आणि तीच सवय पक्की होते. सकाळी उठून चहाच्या आधी एक डाव खेळून बघा, मेंदूने रात्रभर काहीतरी केलेलं असतं.

शॅडो ऑफ द एर्डट्री या डीएलसीत (गेमला नंतर जोडलेला वेगळा भाग) जाणार असाल, 21 जून 2024 ला आली ती, तर आधी रडान आणि मोग दोघं मेलेले लागतात. आत गेलात की लेव्हल 150 असो की 200, पहिला साधा बॉस पण लोळवतो, कारण तिथे जोर स्कॅड्यूट्री फ्रॅग्मेंटचा आहे. एकूण 50 तुकडे, त्यातून ब्लेसिंग 20 पर्यंत जातं, आणि प्रत्येक पायरीला मारायची आणि सोसायची दोन्ही ताकद वाढते. बॉसपाशी अडकलात तर नकाशा उघडा, न गेलेले कोपरे बघा, क्रॉसच्या खुणा असलेल्या जागांपाशी बरेच तुकडे मिळतात, ते गोळा करून ग्रेसवर वाढवा आणि मग त्याच बॉसकडे परत या.